हृदयाची वाट चुकलेली रोहिणी

हृदय अहोरात्र सर्व देहास रक्त पुरवीत असतें. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूंसहि पोषण लागतें. त्यासाठीं महारोहिणीच्या मुळाशीं दोन लहान रोहिण्या फुटतात. त्यांस हृद्रोहिणी म्हणतात. सुमारें ३ लक्ष जन्मांत एखादें मूल असें निपजतें कीं, त्याची डावी हृद्रोहिणी महारोहिणीपासून न निघतां फुप्फुसांकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या रोहिणीपासून निघते.

गर्भावस्थेंत या दोन्ही मोठ्या वाहिन्यांतील दाब जवळजवळ सारखाच असल्यानें ही चूक बाधत नाहीं. जन्मानंतर कांहीं आठवड्यांत फुप्फुसरोहिणींतील दाब उतरतो आणि हृदयाच्या डाव्या भागाची उपासमार सुरू होते. उपचार न झाल्यास बहुतेक अर्भकें वर्षाच्या आंतच दगावतात. बोस्टन येथील ब्लँड, व्हाइट व गार्लंड यांनीं १९३३ सालीं अशाच एका अर्भकाच्या विकाराचें वर्णन केलें.

मग कॅनडांतील मोड ॲबट या विदुषींनीं १९०८ सालीं नोंदलेली ६० वर्षांची स्त्री तोंवर जगली कशी? उत्तर उजव्या हृद्रोहिणींत आहे. कांहीं जणांत ती रुंदावते व तिच्या शाखा डावीस जाऊन मिळतात. परंतु पाटाच्या टोकाचा बांध फुटून पिकाचें पाणी ओढ्याला जावें, तसें हें रक्त डाव्या रोहिणींतून उलट फुप्फुसरोहिणींत निसटतें. बाल्टिमोरच्या सॅबिस्टन प्रभृतींनीं १९६० सालीं हा उलटा प्रवाह सप्रमाण दाखविला.

अशा प्रौढास कधीं धाप लागते, कधीं छातींत कळ येते. कधीं कांहींच जाणवत नाहीं आणि आकस्मिक मृत्यु हेंच पहिलें लक्षण ठरतें. म्हणून तक्रार नसतांहि शस्त्रक्रियेचा सल्ला सामान्यतः दिला जातो.

डाव्या रोहिणीचें मुख नुसतें बांधल्यास गळती थांबते. पण सर्व हृदय एकाच रोहिणीवर विसंबतें. म्हणून दोन रोहिण्यांची मूळ व्यवस्था उभारणें श्रेयस्कर मानतात. अर्भकांत ती रोहिणी सोडवून महारोहिणीस जोडतां येते. प्रौढांत ती पुष्कळदां ताठर व ठिसूळ झालेली असते, ओढली असतां फाटण्याचें भय असतें. तेव्हां टाकेउची यांनीं १९७९ सालीं सांगितलेल्या रीतीनें फुप्फुसरोहिणीच्या आंतून बोगदा काढतात, अथवा मुख बंद करून छातीच्या आंतील रोहिणी तिला जोडतात.

व्रण पडून मेलेला स्नायु पुन्हां जिवंत होत नाहीं. उपाशी राहिलेला मात्र रक्त मिळतांच पुष्कळदां सावरतो. वेळींच निदान होण्याचें महत्त्व तें हेंच.