वीतभर इंजिन आणि त्याची खिडकी



कामगार चळवळीत केस पिकलेला माणूस व्याख्यानमालेत खेळण्यातल्या आगगाडीवर काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु काही खेळणी फार प्रामाणिक असतात. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांस खुले झाले. ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना माझे म्हणणे चटकन पटेल.

संग्राहक ज्याला संच म्हणतात, त्यात एक इंजिन, चार-दोन डबे, रुळांचे कडे आणि वेग कमीजास्त करण्याची पेटी असते. यात फार चालणारे प्रमाण म्हणजे एकास सत्त्याऐंशी. वीज रुळांतूनच इंजिनात जाते, ती साधारण बारा व्होल्टची. दोन रुळांवरची धन-ऋण बाजू उलटवली की गाडी मागे चालू लागते.

आता आपल्या ओळखीचे डिझेल इंजिन घेऊ, डब्ल्यूडीएम-२. ते १९६२ साली अमेरिकेतील आल्को कारखान्यातून आले आणि १९६४ पासून वाराणसीस तयार होऊ लागले. शक्ती २६०० अश्वशक्ती, लांबी सुमारे १७ मीटर, वजन सुमारे ११३ टन. त्याची प्रतिकृती भरते वीतभर! पण वजनाचा हिशेब निराळा. लांबी, रुंदी व उंची या तिन्ही ८७ पटींनी घटतात, म्हणून वजन साडेसहा लाख पटींनी घटते. ११३ टनांचे उरतात १७० ग्रॅम, म्हणजे पावशेरही नाही. एवढे हलके इंजिन रुळावर पकड घेत नाही. चाके जागीच फिरतात. म्हणून कारागीर त्याच्या पोटात धातूचा ठोकळा बसवतो.

रुळांचेही तसेच. आपल्या रुंद मार्गाचे १६७६ मिलिमीटर या प्रमाणात सव्वाएकोणीस होतात, पण बाजारातले रूळ साडेसोळाचे, कारण ते परदेशी १४३५ च्या मापाने केलेले. म्हणून त्या रुळांवर आपले इंजिन चालवायचे तर चाके आत घ्यावी लागतात. हौशी माणसाला हे अर्ध्या बोटाचेही नसलेले अंतर टोचत राहते.

मला मात्र टोचते ते दुसरेच. हे इंजिन हातात घ्या आणि चालकाच्या खिडकीशी डोळा न्या. खोली एका टोकाकडे आणि यंत्राचे लांबलचक धूड दुसऱ्या बाजूला. ते धूड पुढे ठेवून गाडी हाकायची, तर समोरचा मार्ग त्याच्या कडेने जेवढा दिसेल तेवढाच. वळणावर एका बाजूचा सिग्नल दिसतच नाही. तो सहायकाने पाहून मोठ्याने सांगायचा आणि चालकाने पुन्हा उच्चारायचा. रात्री, पावसात, तासन् तास. शिंदखेड्याच्या फलाटावर उभे राहून आपण इंजिन पाहतो, पण आतून काय दिसते ते कधी पाहतो काय?

ऑगस्ट १९७३ मध्ये इंजिनावरील कामगारांनी संप केला, तो पाळी दहा तासांवर जाऊ नये यासाठी. पुढे ८ मे १९७४ पासून जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वे संप झाला. त्याच्या मागण्यांतही कामाचे तास होतेच. तेव्हा पुष्कळ शहाणे लोक म्हणाले, बसूनच तर काम करायचे, त्यात थकायचे काय? त्यांच्या हाती हे वीतभर इंजिन द्यायला हवे होते. लांबी घटवता येते, वजन घटवता येते. पाळीचा तास मात्र कोणत्याही प्रमाणात लहान होत नाही.

आज आपल्या तापी खोऱ्याच्या मार्गावर विजेची इंजिने धावतात आणि चालकास लोको पायलट म्हणतात. पण डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस तोच आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच. मुलांना असा संच जरूर आणून द्या. त्याचे कठडे, जाळ्या, नंबराच्या पाट्या बारकाईने पाहायला शिकवा. आणि शेवटी विचारा, "बाळ, या खिडकीतून त्याला काय दिसत असेल?" उत्तर त्याचे त्याला शोधू द्या.