सवड न दिलेला धातू



माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ झाले. विषय धातुशास्त्राचा असला तरी भाषा फाटकावरचीच राहील.

आपला श्रीगोंदा साखरेचा. पाक सावकाश निवू दिला की खडीसाखरेचे मोठे खडे धरतात; कडक आटवून थंड फरशीवर ओतला की काचेसारखी गोळी होते. साखर तीच. धातूचेही असेच आहे. कोल्हापूरच्या फौंड्रीत वाळूच्या साच्यात लोखंडाचा तुकडा बसवतात, त्याला चिल म्हणतात. त्या अंगाला रस चटकन गोठतो आणि बीड पांढरे, कठीण होते. लोहार कोयत्याला पाणी देतो ती गोष्ट निराळी. तेव्हा कोयता घट्टच असतो. येथे रसच झटक्यात गोठवायचा आहे.

१९६० साली कॅलिफोर्नियात पोल डुवेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट टोकाला नेली. सोने व सिलिकॉन यांच्या रसाचा थेंब त्यांनी तांब्यावर असा फेकला की अणूंना रांगा धरायला वेळच मिळाला नाही. धातू असून घडण काचेची! पुढे लोखंड, बोरॉन व सिलिकॉन यांचा रस वेगाने फिरणाऱ्या थंड चाकावर सोडून त्याची फीत काढू लागले. जाडी मिलिमीटरचा चाळिसावा भाग. निवण्याचा वेग सेकंदाला सुमारे १० लाख अंश.

या फितीचा आपल्याशी संबंध काय? गावातली डी.पी. रात्री सगळे झोपले तरी गुणगुणत असते. तिचा गाभा वीज खात असतो. नेहमीच्या पोलादाऐवजी ही फीत घातली, तर गाभ्यातली ही गळती साधारण दोनतृतीयांशाने घटते. समजा, एका डी.पी.मागे १०० वॅट वाचले. पुरवठा अखंड असेल तर वर्षाला ८७६ युनिट झाले.

मग अडते कोठे? किमतीत. गाभा मोठा होतो, फीत कठीण, कापताना पाती झिजतात. निविदा उघडली की आपली नजर सर्वांत कमी आकड्यावर जाते. यंत्र चालायचे वीस-पंचवीस वर्षे आणि भाव बघायचा पहिल्या दिवसाचा! गळती अखेर बिल भरणाराच भरतो. तेव्हा ट्रान्सफॉर्मर घेताना गळतीची किंमतही निविदेत धरा, अशी मागणी साखर कारखान्याच्या सभासदांनी वार्षिक सभेत उभे राहून करावी.

आणि युनियनवाला म्हणून एक पुरवणी. या फितीची कड धारदार असते. ती हाताळणाऱ्या कामगाराला हातमोजे मिळाले पाहिजेत, आणि त्यांचे पैसे पगारातून कापता कामा नयेत.