टेपवरचा आवाज, बाईची संमती

मैत्रिणींनो, आपल्या कपाटातल्या डॅट टेपांवर बायकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या हकिकती आहेत. ही टेप सोनीने १९८७ साली आणली आणि २००५ मध्ये तिची यंत्रे बनवणे थांबवले. चालू यंत्र मिळते आहे तोवर हे काम उरकू या. ६० मिनिटांच्या टेपला ६० मिनिटेच लागतात. डिजिटल जोडणीतून आवाज थेट संगणकात घ्या. ४८ किलोहर्ट्‌झची टेप ४८ वरच ठेवा. फिल्मच्या संकलनात तोच दर चालतो. खराब टेपचा आवाज मधेच तुटतो, म्हणून शेवटपर्यंत ऐकत बसा.

आणि फाइल संकलकाकडे देण्याआधी त्या बाईला विचारा. ती आपल्या बैठकीत बोलली होती, पडद्यासाठी नव्हे. ती ‘नको’ म्हणाली, तर तो आवाज जपायचा, पण दाखवायचा नाही.