भिजलेल्या उताराची चाचणी: स्वागताध्यक्षीय भाषण



पुण्यात आपलं मनःपूर्वक स्वागत. उरुळी देवाची आणि फुरसुंगीहून आलेल्या ग्रामस्थांचं स्वागत मी मुद्दाम वेगळं करतो. पुण्याच्या कचऱ्याचा त्रास त्यांनी वर्षानुवर्षं सोसला. इथे बोलण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

कचराभूमी बंद करताना काय करायचं, हे २०१६ च्या घनकचरा नियमांत सांगितलं होतं: ६० सेंटिमीटर चिकणमाती किंवा सुधारित माती, त्यावर १५ सेंटिमीटर निचऱ्याचा थर, वर झाडोऱ्यासाठी ४५ सेंटिमीटर. झिरप्याची मर्यादाही दिली होती, आणि आपलं सगळं लक्ष त्या आकड्यातच अडकतं.

आपली काळी माती पाणी अडवते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. मुरमातून पाणी आरपार जातं. म्हणून मुरमात कच्छचं बेंटोनाइट, एक प्रकारची चिकणमाती, मिसळायचं. ते भिजून फुगतं, छिद्रं बुजतात, झिरपा आटोक्यात येतो. पण त्याच ओलीने कणांमधलं घर्षणही घटतं. सपाटीवर ते खपून जातं, एकास तीनच्या उतारावर नाही. त्यात निचऱ्याचा थर गाळाने चोंदला आणि वरची माती पूर्ण भिजून पाणी उताराच्या दिशेने वाहू लागलं, तर निव्वळ घर्षणावर उभ्या असलेल्या थराचा सुरक्षा-गुणांक जवळपास निम्मा होतो. कागदावर दीड असलेला गुणांक एकाच्याही खाली जातो. मग माथ्याशी कोरीसारखी चीर पडते, गवतासकट माती सरकते, पायथ्याशी फुगवटा येतो आणि मधे उघड्या पडलेल्या गुळगुळीत थरावर बूट ठरत नाही.

दिल्लीत गाझीपूरचा ढीग १ सप्टेंबर २०१७ रोजी कोसळला, दोघांचा जीव गेला. तिथे घसरला तो उघडा कचरा, आवरण नव्हे. पण पायथ्याशी रस्ता होता, माणसं होती. आपल्याही डेपोंच्या पायथ्याशी माणसं आहेत.

म्हणून माझं एकच आग्रहाचं मागणं आहे. मिश्रण ठरवताना झिरप्याच्या चाचणीबरोबर भिजवलेल्या नमुन्याची शिअर चाचणी, म्हणजे घसरण्याला तो किती विरोध करतो याची चाचणी, झाली पाहिजे, दोन थरांच्या सांध्यावरचीही झाली पाहिजे, आणि निविदेत तिचा स्वतंत्र दर असला पाहिजे. निविदेत नसलेली चाचणी प्रत्यक्षात होत नाही. राख, चुना, काथ्या मिसळण्याचे प्रयोग आपण मांडालच. ते नमुने भिजवून तपासले होते का, हेही कृपया सांगा.

उद्या सकाळी आपण उरुळीला जाणार आहोत. वाट ग्रामस्थच दाखवतील. निवासात, जेवणात काही उणं राहिलं तर स्वागत समितीला हक्काने सांगा.