भुकेचे माप

(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक प्रश्न ठरलेला असतो: मूल कोणत्या शाखेला जाणार, विज्ञान, वाणिज्य की कला? महाविद्यालयाच्या खिडकीपुरता तो रास्तच आहे, कारण तेथे अर्जच निरनिराळे मिळतात. संशोधनाच्या क्षेत्रात मात्र महत्त्वाचे प्रश्न सहसा कोणत्याही एका शाखेच्या कुंपणात मावत नाहीत. आजच्या विवेचनासाठी निवडलेला प्रश्न वरवर अगदी साधा आहे. भारतात पोटभर न जेवणारी माणसे किती? तो सोडवताना आहारतज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि डॉक्टर यांना एकमेकांच्या दारी जावे लागले आणि पुढे एकमेकांशी भांडावेही लागले. त्या भांडणातील दोन प्रमुख नावे मराठी आहेत. त्याची मुळे मात्र कुन्नूर, कोलकाता, हैदराबाद, दिल्ली अशी देशभर पसरलेली आहेत.

प्रारंभ दादाभाई नौरोजींपासून करावा लागतो. १८७६ साली त्यांनी भारताच्या दारिद्र्यावर जो निबंध वाचला, त्यात दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचे दाखवले. पण २० रुपये कमी की पुरेसे, हे ठरवायला जगण्याला किमान काय लागते, हे आधी ठरवणे भाग होते. दादाभाईंनी ते माप सरकारी कागदांतूनच काढले. परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मजुरांना बोटीवर द्यावयाचा शिधा आणि तुरुंगातील कैद्यांवर होणारा खर्च हे त्यांचे आधार. गुन्हेगाराला सरकार जेवढे देते, तेवढेही मोकळ्या रयतेच्या वाट्याला येत नाही, हे त्यातून निघाले. आकडा राज्यकर्त्यांचाच असल्याने तो खोडून काढणे त्यांना अवघड होते. संशोधनातील चातुर्य कधीकधी असे माप कोठून उचलायचे, एवढ्यातच असते.

शास्त्रीय माप यायला मात्र पुढले शतक उजाडावे लागले. निलगिरीतील कुन्नूर येथे १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका लहानशा प्रयोगशाळेत बेरीबेरी या रोगाचा शोध घ्यायला सुरुवात केली. तेथेच पुढे ॲक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. ज्वारी, नाचणी, तूर, भाजीपाला, कशात किती उष्मांक आणि किती प्रथिने, याचे ते कोष्टक. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. हैदराबादकर मराठी मंडळींना तार्नाक्याच्या रस्त्यावरची तिची वास्तू परिचयाची असेल. त्या कोष्टकांवाचून पुढचा कोणताच हिशोब झाला नसता.

दुसरा धागा शेतातून येतो. देशात धान्य किती पिकते, हे पूर्वी आणेवारीने ठरत असे. गावकामगाराने उभे पीक नजरेने पाहायचे आणि इतके आणे म्हणून सांगायचे. नजर अनुभवी असली तरी नजरच ती. शिवाय आणेवारीवर सारामाफी अवलंबून असल्याने ती नेहमीच निःस्वार्थ असेल, असेही नव्हे. कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३०च्या दशकाअखेरीस बंगालमधील तागाची नमुना पाहणी सुरू केली. यदृच्छेने निवडलेल्या शेतांत छोटे तुकडे आखून तेवढेच पीक कापायचे आणि मोजायचे, अशी ही पद्धत. दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत तेव्हा पांडुरंग वासुदेव सुखात्मे काम करत होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये आणि पुढे लंडनमध्ये शिकलेले. त्यांनी दाखवून दिले, की तुकडा जितका लहान, तितका उत्पन्नाचा अंदाज फुगतो. कारण मोठे गमतीचे आहे. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कड जास्त, आणि कडेवरचे रोप आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, या संभ्रमात कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडेच झुकतो. लहान तुकडे स्वस्त पडतात आणि पुष्कळ घेता येतात, ही महालनोबीसांची बाजूही चुकीची नव्हती. वाद बराच रंगला. पण विळ्याच्या टोकाशी होणारी ही चूक देशाच्या धान्यसाठ्याच्या अंदाजापर्यंत पोहोचते, हे त्यातून सर्वांना कळले.

१९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि पिकानंतर आता माणसांच्या ताटाकडे पाहणे शक्य झाले. पाहणी करणारा कर्मचारी घरी येतो आणि गेल्या तीस दिवसांत घरात काय काय किती आले, किती संपले, हे विचारतो. त्या उत्तरांना पोषणमूल्यांची कोष्टके लावली, की दरडोई उष्मांक निघतात. यातही अडचणी होत्याच. शेतमजुराने मालकाच्या बांधावर खाल्लेली भाकरी मालकाच्या घरच्या हिशोबात जाई. त्यामुळे मोठा शेतकरी होता त्यापेक्षा खादाड आणि मजूर होता त्यापेक्षा उपाशी दिसे. अशा बारीकसारीक बाबींचा विचार करणाऱ्यांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील विनायक महादेव दांडेकर हे अग्रणी होते. पाहणीच्या पहिल्याच फेरीतील पुणे येथील प्रश्नावल्यांवरचा त्यांचा अहवाल १९५३ सालचा आहे.

याच दांडेकरांनी नीळकंठ रथ यांच्यासह १९७१ साली ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची रीत सरळ होती. माणशी दररोज २२५० उष्मांक मिळवून देणारा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर लोक प्रत्यक्षात घेतात, ती दारिद्र्याची रेषा. १९६०-६१च्या भावाने ती ग्रामीण भागात महिना सुमारे १५ रुपये आणि शहरात २२ रुपयांच्या आसपास आली. त्या रेषेखाली खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक होते. दारिद्र्य ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. पण ती अशी आकड्यात उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे पाठ फिरवणे सरकारला सोपे राहिले नाही. ग्रामीण सार्वजनिक कामांतून रोजगार पुरवावा, अशी शिफारसही त्यांनी केली होती. ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द आज रेशन दुकानाच्या दारातही ऐकू येतो, पण तिच्यातला आकडा कोठून आला, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

सुखात्मे यांनी ते विचारले. १९५१ पासून सुमारे वीस वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा संख्याशास्त्र विभाग सांभाळून ते पुण्याला परतले होते. त्यांचा आक्षेप एखाद्या पंगतीच्या दृष्टांताने सांगता येईल. पंगतीत कोणी दोन भाकऱ्या खाऊन तृप्त होतो, कोणाला चार लागतात, सरासरी तीन. आता तीनपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी, असे ठरवले, तर भरल्या पोटी उठलेल्या पंगतीतली जवळजवळ अर्धी माणसे उपाशी ठरतील. दांडेकर-रथ यांनी सरासरी गरजेलाच रेषा मानल्यामुळे भुकेचा आकडा फुगला, असे सुखात्मे यांचे म्हणणे. रेषा सरासरीच्या पुष्कळ खाली, गरजेतील नैसर्गिक चढउतार वजा करून ओढली पाहिजे. त्याही पुढे जाऊन अमेरिकेतील शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनी असे मांडले, की एकाच माणसाची गरज आठवड्यागणिक बदलते आणि शरीर आपला ताळेबंद आपणच सांभाळते. म्हणून काही काळ कमी खाणे म्हणजे कुपोषण नव्हे. हा हिशोब मान्य केला, तर उपाशी ठरणाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली येत होती. कोट्यवधी माणसे कागदावर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकत होती. त्यांच्या ताटात मात्र एक घासही वाढत वा घटत नव्हता.

उत्तर तितक्याच ताकदीचे मिळाले. १९८१-८२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर हा वाद झडला. दारिद्र्य मोजणे आणि कुपोषण मोजणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, याकडे दांडेकरांनी लक्ष वेधले. सुखात्मे यांच्या टीकाकारांचा मुख्य मुद्दा त्याच पंगतीतून समजतो. दोन भाकऱ्यांवर तृप्त होणारा जसा पंगतीत आहे, तसाच चार लागत असून दोनच मिळालेलाही तेथेच बसला आहे. वहीत दोघांपुढे दोनचाच आकडा दिसतो. पहिला उपाशी ठरू नये म्हणून रेषा खाली नेली, तर दुसराही तृप्तांच्या यादीत जाऊन बसतो. शरीराच्या समायोजनाचा जो पुरावा दिला जात होता, त्यात ब्रिटिश सैन्यातील नवभरती जवानांच्या रोजच्या आहाराच्या नोंदी होत्या. त्या जवानांनी एखाद्या दिवशी कमी खाल्ले, ते भूक नव्हती म्हणून. भूमिहीन मजूर कमी खातो, ते घरात नाही म्हणून.

येथे डॉक्टर पुढे आले. राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक सी. गोपालन यांनी सरासरीचा प्रश्न बाजूला ठेवून मुलांच्या उंची-वजनाकडे बोट दाखवले. डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने त्याच सुमारास ‘लहानखुरे पण निरोगी’ अशी कल्पना मांडली होती: अन्न कमी असले, तर मूल आकाराने लहान राहते, पण आजारी नसते. गोपालन यांनी ती सपशेल फेटाळली. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते हे खरे, पण त्याची किंमत वाढ खुंटण्यात, खेळ आणि काम कमी होण्यात मोजली जाते. श्रीमंतांच्या मुलांसाठी एक माप आणि गरिबांच्या मुलांसाठी दुसरे, हे त्यांना मान्य नव्हते.

सुखात्मे यांचा पक्ष या वादात कमजोर ठरला, असे म्हणणे भाग आहे. पण ते गरिबांविषयी उदासीन होते, असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. आधीच्या एका वादात ते आणि गोपालन एकाच बाजूला होते. १९६०च्या दशकात जगभर प्रथिनांच्या टंचाईची हाकाटी झाली आणि १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही तशा संकटाचा इशारा दिला. प्रथिनयुक्त खास पदार्थ कारखान्यांत बनवून गरिबांना पुरवण्याच्या योजना निघाल्या. भारतीय माणूस नेहमीचे धान्य-डाळीचे जेवण पोटभर जेवला, तर प्रथिने बहुधा पुरेशी मिळतात, उणीव मुळात जेवणाचीच आहे, असे सुखात्मे ठामपणे सांगत राहिले. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने प्रथिनांच्या गरजेचे प्रमाण खाली आणले. उत्तरायुष्यात ते शुद्ध पाणी आणि स्वच्छतेवर भर देऊ लागले: पोट सतत बिघडत असेल, तर खाल्लेले अन्न अंगी कसे लागणार? या विचाराला नंतरच्या संशोधनात पुष्कळ पाठबळ मिळाले आहे.

सरकारी रेषा पुढेही हलत राहिली. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिदलाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० उष्मांकांचे माप घेतले. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांचा आधारच सोडला, कारण लोकांचा खर्च वाढत असूनही उष्मांक घटताना दिसत होते. अंगमेहनत कमी झाली म्हणून, की शिक्षण, औषधोपचार आणि प्रवासाचा खर्च ताटातून कापला जातो म्हणून, यावर अजूनही एकमत नाही. तेंडुलकर पद्धतीने २०११-१२ साठी ग्रामीण भागात महिना ८१६ आणि शहरांत १००० रुपये ही रेषा आली, तेव्हा दिवसाला २७ आणि ३३ रुपयांत कोण जगतो, असा संताप देशभर उसळला. २०१४ मध्ये रंगराजन समितीने ती वर नेऊन दिवसाला ३२ आणि ४७ रुपयांवर ठेवली.

त्यानंतर मोजणीच खंडित झाली. २०१७-१८ची खर्चपाहणी सरकारने प्रसिद्ध केली नाही. २०२२-२३च्या पाहणीत पाहणी करणारे कर्मचारी प्रत्येक घरी एकाऐवजी तीनदा गेले. रेशनवर फुकट मिळालेल्या धान्याबरोबरच मुलांना सरकारकडून मिळालेल्या सायकलीची, शाळेच्या गणवेशाची आणि बुटांचीही नोंद या वेळी केली गेली. त्या बुटांची किंमत घराच्या खर्चात धरावी की नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांचे अजून चालूच आहे.