कमानीआधी माणूस



संयोजकांनी मला 'तिकडचं शिक्षण' या विषयावर पाच मिनिटं दिली आहेत. त्यातला एकच कोपरा घेते : एका विद्यापीठाच्या मुलांच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक कुठून आले. हसू नका, आपल्या संध्याकाळच्या बैठकीशी याचा संबंध आहे.

माझा मुलगा अमेरिकेत ब्लूमिंग्टनला, इंडियाना विद्यापीठात शिकतो. इंडियाना म्हणजे बास्केटबॉलवेडं राज्य. तरी या विद्यापीठाने फुटबॉलची एनसीएए ही राष्ट्रीय स्पर्धा आठ वेळा जिंकली आहे. एखादी गोष्ट नीट चालताना दिसली की ती मुळात कुणी लिहिली हे शोधायची आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना खोडच असते. तशी मी या प्रशिक्षकांची माहिती काढली.

जेरी येगली १९६३ मध्ये तिथे शारीरिक शिक्षण शिकवायला आले. त्याआधी वेस्ट चेस्टरच्या १९६१ च्या विजेत्या संघातून ते स्वतः खेळले होते. इंडियानात तेव्हा फुटबॉलचा नुसता क्लब होता. विद्यापीठाचा अधिकृत संघ म्हणून मान्यता मिळाली १९७३ मध्ये. दहा वर्षं हा माणूस मान्यता नसलेला संघ घडवत होता! मग १९७६, १९७८ आणि १९८० मध्ये अंतिम सामन्यात हार. पहिलं विजेतेपद १९८२ मध्ये, म्हणजे आल्यापासून एकोणीस वर्षांनी. सहावं २००३ मध्ये, आणि तिथेच ते निवृत्त झाले.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांच्यानंतर आलेले माइक फ्रायटॅग हे त्यांचेच खेळाडू आणि अनेक वर्षांचे सहायक. पहिल्याच वर्षी, २००४ मध्ये, त्यांनी विजेतेपद राखलं. २०१० पासून जेरींचे चिरंजीव टॉड. मुलगा म्हणजे वशिला, असं कुणाला वाटेल. पण १९९४ मध्ये देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा मिसुरी ॲथलेटिक क्लबचा पुरस्कार त्यांनी मिळवला, कोलंबस क्रू संघातून सात हंगाम व्यावसायिक फुटबॉल खेळले, विस्कॉन्सिन विद्यापीठाचा संघ सांभाळला आणि मग परत आले. २०१२ चं विजेतेपद त्यांचं. त्यांचे सहायक होते १९९८ चा विश्वचषक खेळलेले ब्रायन मेझनूव, तेही इंडियानाचेच माजी विद्यार्थी. आणखी एक विद्यार्थी केलेब पोर्टर. त्यांनी २०१० मध्ये ॲक्रन विद्यापीठाला हीच स्पर्धा जिंकून दिली.

एका पी. टी.च्या मास्तरांपासून निघालेली ही ओळ आहे. मैदान, स्टेडियम, पैसा तिकडे भरपूर, हे खरंच. पण आधी माणूस आला, आणि तो टिकला.

आता आपल्याकडे येते. परवा मी आपल्या पी. टी.च्या सरांना फोन करून त्यांची पार्श्वभूमी विचारली. शाळेत असताना आपण कुणीच विचारली नव्हती. सर जिल्ह्याच्या खो-खो संघात होते, बी. पी. एड. झाले, आणि आपल्या शाळेत पहिली चार वर्षं तासिका तत्त्वावर होते. सकाळी सहाचा सराव त्या तासांत धरलाच जात नव्हता. तरी ते रोज यायचे. आपल्या बॅचच्या तीन मुली आज क्रीडाशिक्षिका आहेत, समोरच बसल्या आहेत. ही सरांची ओळ.

सर निवृत्त झाल्यापासून ते पद रिकामं आहे. मैदानावर आता गाड्या लागतात.

संध्याकाळी आपण जमलेल्या निधीतून प्रवेशद्वाराची कमान बांधायची का, हे ठरवणार आहोत. कमानीवर आपल्या बॅचचं नाव येईल, मलाही ते आवडेल. पण माझी विनंती आहे, की त्या पैशातून आधी पाच वर्षं एका प्रशिक्षकाचं मानधन द्यावं. निवड सरांनी आणि या तिघींनी करावी. मानधन कमी पडलं, तर पहिल्या वर्षाची तूट मी भरेन.

मुलं सहा वाजता यायला तयार आहेत, असं मुख्याध्यापिका बाई म्हणतात. त्यांची वाट बघणारं कुणीतरी मैदानावर हवं.