नवतारा की बटू नवतारा?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



श्रवणाच्या ताऱ्याच्या किंचित उत्तरेस ‘शर’ नावाचा एक चिमुकला तारकासमूह आहे. त्यातील ‘डब्ल्यू झेड’ ह्या ताऱ्याने ज्योतिर्विदांना पासष्ट वर्षे कसे चकविले, तेवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

एरवी हा तारा पंधराव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचा. १९१३ साली तो एकाएकी सहाशे पटींहून अधिक उजळला आणि ‘नवतारा’ म्हणून त्याची नोंद झाली. १९४६ साली तो पुन्हा उजळला. मधले अंतर ३३ वर्षांचे. तेव्हा पुढचा उद्रेक १९७९ च्या सुमारास होणार, असे गणित मांडले गेले. तो झाला १९७८ च्या डिसेंबरात. गणित जवळजवळ जुळले, पण ताऱ्याची जातच चुकीची लिहिली गेली होती!

चूक अगदी अक्षम्य होती असे नाही. दोन्ही जातींत संसार सारखाच: एक श्वेतबटू आणि त्याच्याकडे वायू गमावणारा एक जोडीदार. खऱ्या नवताऱ्यात श्वेतबटूच्या पृष्ठावर साचलेला हायड्रोजन अणुभट्टीसारखा पेटतो आणि वायूचे कवच बाहेर भिरकावले जाते. बटू नवताऱ्यात असे काही पेटत नाही. श्वेतबटूभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीत द्रव्य तुंबत जाते आणि एके दिवशी बांध फुटावा तसे आत कोसळते. तबकडीच तेवढी झळाळते.

हा भेद वर्णपट सांगतो. बटू नवतारा शांत असता हायड्रोजनच्या तेजस्वी रेषांना दोन शिखरे दिसतात, कारण तबकडीची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. उद्रेकात वर्णपट निळसर होतो व त्याच रेषा बहुधा काळ्या, रुंद पडतात. सेकंदाला हजार-हजार किलोमीटर वेगाने सुटलेल्या कवचाची खूण मात्र आढळत नाही. १९७८ साली ती आढळली नाही, आणि जुने नाव गळून पडले. पुढचा उद्रेक २००१ च्या जुलैत, अवघ्या २३ वर्षांनी झाला. ३३ चा हिशेबही तेथेच संपला.

आता पाळत ठेवण्याचे काम यंत्रांकडे गेले आहे. पालोमार पर्वतावरील ४८ इंची दुर्बिणीने १९५० च्या दशकात काचेच्या तबकांवर उत्तर आकाश टिपले. २०१८ पासून तीच दुर्बीण नव्या कॅमेऱ्याने ते पुनःपुन्हा चाळू लागली. नवा ठिपका दिसला की जुनी चित्रे काढावयाची. त्या जागी अंधुक निळा तारा असेल तर बटू नवताऱ्याचा संशय, पुसट दीर्घिका असेल तर अतिनवताऱ्याचा. संशय फेडण्यास वर्णपटच हवा, आणि तोही उद्रेक ओसरण्यापूर्वी. पालोमारला उजाडते तेव्हा लडाखात रात्र पडलेली असते. तेथे हान्ले गावी साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण आहे, आणि तिला वर्णपटलेखक जोडलेला आहे. शेजारीच बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था व मुंबईची आय. आय. टी. ह्यांनी मिळून उभारलेली ०.७ मीटरची लहान दुर्बीण अशाच क्षणिक ठिपक्यांच्या मागावर असते. आकाश तेवढे निरभ्र हवे.